गाडी नव्हे, वही विकत घ्या

इथे न्यू जर्सीत गणपतीचा कार्यक्रम असो की कुणाच्या मुलीचा वाढदिवस, जेवणाच्या थाळ्या हातात आल्या की कुणीतरी मला विचारतंच, "काय रे, तुझी ती जुनी अक्युरा अजून चालते का?" त्याच्या मागोमाग खरा प्रश्न येतो. "तेवढ्या पैशात टेस्लाचं डाउन पेमेंट झालं असतं ना?"

झालं असतं. मान्य.

गेल्या दोन-तीन महिन्यांत मात्र प्रश्न जरा बदललाय. ऑफिसातली आणि ओळखीतली चार-पाच तरुण पोरं बाजूला घेऊन हळूच विचारतात, "दादा, मलाही नव्वदच्या दशकातली एखादी जपानी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. घेऊ का?" प्रत्येकाला फोनवर तासभर तेच तेच सांगून घसा कोरडा पडला. म्हणून आजचा शनिवार या विषयाला. यापुढे कुणी विचारलं की सरळ हे वाचायला देणार :)

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. घ्या. पण गाडी बघून घेऊ नका, वही बघून घ्या. वही म्हणजे काय ते पुढे येईलच.

*

आधी हे खूळ डोक्यात शिरलं कुठून ते सांगतो.

२००२ साली मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे नुकताच पूर्ण झाला होता. माझ्या एका मित्राच्या मोठ्या भावाकडे होंडा सिटी होती, भारतात आलेली पहिली सिटी, तिचं १.५ लिटरचं व्हीटेक मॉडेल. १०६ बीएचपी. आज हा आकडा ऐकून हसू येईल, पण आमच्या घरी मारुती ८०० होती हे लक्षात घ्या. एका रविवारी तो भाऊ आम्हाला लोणावळ्याला घेऊन गेला. रस्ता मोकळा दिसल्यावर त्याने तिसऱ्यात पाय दाबून ठेवला, आणि इंजिनाचा आवाज चढत चढत गेला आणि चढतच राहिला. आमची मारुती जिथे धापा टाकायला लागायची, तिथे ही गाणं सुरू करायची. मी मागच्या सीटवर मधल्या जागेत बसलो होतो, गुडघे हनुवटीला लागले होते. पण ते पंधरा सेकंद मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

पुढच्याच वर्षी 'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड' हा गेम आला. तासाचे पैसे मोजून सायबर कॅफेत बसायचं आणि त्यातली इंटिग्रा टाइप आर पळवायची. सुप्रा, स्कायलाइन, आरएक्स-७ ही सगळी नावं तेव्हापासून पाठ. अभ्यासातलं काही इतकं पाठ झालं नाही!

आणि घरी बाबा. बाबा दूरध्वनी खात्यात नोकरीला होते. मारुतीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये त्यांची एक लांबट वही असायची. तारीख, किलोमीटर, किती लिटर पेट्रोल, काय भावाने. ऑइल कधी बदललं, हवा कधी भरली, कुठल्या चाकाचं पंक्चर काढलं, सगळं. पेट्रोल पंपावर मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या आणि बाबा शांतपणे टोपण काढून पेनने लिहीत असायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "बाबा, घरी जाऊन लिहा ना!" तर म्हणायचे, "घरी गेल्यावर आकडा आठवत नाही, अंदाज आठवतो."

हे वाक्य कळायला मला वीस वर्षं लागली.

*

आता थोडा इतिहास. तुम्ही म्हणाल, जुन्या गाड्या तर सगळ्याच देशांच्या असतात, मग नव्वदच्या जपानी गाड्यांचंच एवढं कौतुक का?

१९८० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये पैशाचा पूर आला होता. जमिनींचे आणि शेअर्सचे भाव आकाशाला भिडले होते. २९ डिसेंबर १९८९ ला निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. तो आकडा पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं, यावरून तो फुगा केवढा होता ते कळेल. कार कंपन्यांच्या इंजिनिअर्सना त्या काळात असं बजेट मिळालं, जसं आपल्याला फक्त स्वप्नात मिळतं. एकट्या १९८९ मध्ये माझ्दाची मियाटा आली, निस्सानची आर-३२ स्कायलाइन जीटी-आर आली, नवी ३०० झेडएक्स आली. होंडाने एनएसएक्सचा नमुना दाखवला आणि जपानमधल्या इंटिग्रात पहिलं व्हीटेक इंजिन बसवलं. फुगा नंतर फुटला, पण एका गाडीचं काम पूर्ण व्हायला काही वर्षं जातात. त्यामुळे श्रीमंतीत आखलेल्या गाड्या मंदी सुरू झाल्यावरही बाजारात येत राहिल्या. सुप्रा आणि आरएक्स-७ ची नव्वदच्या दशकातली मॉडेलं ही त्यातलीच.

गंमत म्हणजे, जपानी कंपन्यांनी आपसात एक अलिखित समझोता केला होता की जपानमध्ये विकायच्या गाडीची ताकद २८० पीएसच्या वर जाहीर करायची नाही. २००४ पर्यंत तो कागदावर पाळला गेला. प्रत्यक्षात काही इंजिनं त्याहून बरंच जास्त देत होती. म्हणजे जाहिरात कमी आणि माल जास्त. आपल्या क्षेत्रात हे कधी घडल्याचं ऐकलंय?

व्हीटेकबद्दल दोन ओळी, कारण माझ्या गाडीचा जीव त्यात आहे. इंजिनाच्या झडपा कितपत आणि किती वेळ उघडायच्या हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. हळू चालवायला लहान उंचवटा बरा, जोरात पळवायला मोठा. साध्या इंजिनाला दोन्हींच्या मधला काहीतरी सोयीचा आकार पत्करावा लागतो. होंडाने एकाच शाफ्टवर दोन्ही आकार ठेवले. सावकाश चालवताना बाजूचे लहान उंचवटे काम करतात. फेरे वाढले की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, रॉकर एकमेकांना जोडले जातात आणि मधला मोठा उंचवटा सूत्रं हातात घेतो. माझ्या गाडीत हे साधारण ४,४०० आरपीएमला होतं. तिथून ८,००० पर्यंत मागे वळून बघायचं नाही. १.८ लिटर, टर्बो नाही, तरी १७० हॉर्सपॉवर. एका प्रोग्रामात दोन अल्गोरिदम आणि एक 'इफ', एवढंच. पण तो 'इफ' लोखंडात लिहिलाय, आणि पंचवीस वर्षांनंतरही तो बिनचूक चालतो.

*

आता बाजार. इथेच पोरं घसरतात.

अमेरिकेत इथल्या सुरक्षा नियमांसाठी न बनवलेली परदेशी गाडी सहसा आणता येत नाही. मात्र ती बनून २५ वर्षं झाली की त्या नियमांतून सूट मिळते. त्यामुळे दरवर्षी कुठली तरी दंतकथा 'कायदेशीर' होते. आर-३२ जीटी-आर २०१४ मध्ये झाली, आर-३४ ची दारं २०२४ मध्ये उघडली. (कॅलिफोर्नियावाल्यांनो, तुमच्या राज्याचे प्रदूषणाचे नियम वेगळे आणि भलतेच कडक आहेत. तिकडे आधी कागदपत्रं बघा, मग गाडी.) आणि भावाचं म्हणाल, तर 'फास्ट अँड द फ्युरियस'च्या पहिल्या सिनेमातली नारिंगी सुप्रा जून २०२१ मध्ये लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. ती सिनेमातली म्हणून, हे खरं. पण असा एक आकडा छापून आला की गल्लीतला प्रत्येक सुप्रावाला मनातल्या मनात किंमत वाढवतो.

यावर पोरांचं आवडतं वाक्य म्हणजे "दादा, ही इन्व्हेस्टमेंट आहे."

नाही रे बाबा. तो सिनेमा २००१ चा, तो गेम २००३ चा. तेव्हा जे पंधरा-वीस वर्षांचे होते ते आज चाळिशीत आहेत, पगार बरे आहेत आणि गुडघे दुखायला लागलेत. भाव त्यांनी चढवलाय. म्हणजे आम्ही! आमच्या आधीच्या पिढीला ज्या गाड्यांचं वेड होतं, त्यातल्या सगळ्यांचेच भाव काही टिकले नाहीत. आमचं वेड ओसरल्यावर पुढच्या पिढीला या गाड्यांचं काय वाटेल ते कुणी सांगावं? शिवाय इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलेली गाडी चालवायची चोरी. प्रत्येक मैलाला भाव उतरणार म्हणून ती गॅरेजमध्ये झाकून ठेवायची. त्यापेक्षा इंडेक्स फंड घ्या. त्याला ऑइल लागत नाही आणि उंदीर वायरी कुरतडत नाहीत.

*

मी स्वतः घसरलो होतो, तेही सांगायलाच हवं.

२०२३ च्या वसंतात मी टोयोटाची एमआर-२ टर्बो बघायला गेलो. १९९१ ची, लाल, इंजिन मधोमध. घरापासून वीस मिनिटांवर. रंग इतका चकचकीत की त्यात माझं टक्कल दिसत होतं. मोठा टर्बो, नवे सस्पेन्शन, नवी चाकं. विकणारा पंचविशीतला मुलगा, बोलायला गोड. "सगळं बिल्ट आहे, फक्त एकदा ट्यून करून घ्या." किंमत १७ हजार डॉलर. मी एक चक्कर मारली. टर्बोने पाठीत लाथ घातली आणि माझी विचारशक्ती तिथेच संपली. अ‍ॅडव्हान्सचा चेक लिहायला मी पेन काढलं होतं.

बायको शेजारी उभी होती. तिला गाड्यांतलं काही कळत नाही असं माझं मत होतं. ती त्या मुलाला एवढंच म्हणाली, "इंजिनाचं काम कुणी केलं? बिलं आहेत का?"

बिलं नव्हती. काम 'एका मित्राने' केलं होतं. मित्र आता दुसऱ्या राज्यात होता. आधीच्या मालकाचं नाव माहीत नव्हतं, त्याच्या आधीचे तर देवालाच ठाऊक.

घरी येताना गाडीत शांतता. मग ती म्हणाली, "तुमच्या टीममध्ये नवीन कोणी असा कोड आणून दिला, टेस्ट नाहीत, डॉक्युमेंटेशन नाही, लिहिणारा सोडून गेलाय, पण डेमो मस्त होतो, तर तू घेशील?"

काय बोलणार? मी गप्प.

तरी आशा सुटेना म्हणून मी दोनशे डॉलर मोजून एका मेकॅनिककडून ती तपासून घेतली. त्याने चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. तीन दीडशेच्या आसपास आणि चौथा पंच्याण्णव. मेकॅनिकने कागद माझ्या हातात दिला आणि खांदे उडवले. म्हणजे पुढे इंजिन उघडण्याचा खर्च बसणार होता, आणि हा पैसा आम्ही घराच्या छपरासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून जाणार होता. त्या दोनशे डॉलरइतका सत्कारणी लागलेला पैसा माझ्या आयुष्यात दुसरा नाही. (बायकोचा सल्ला फुकट होता, तो वेगळा.)

*

त्यानंतर मी गाडी शोधायची पद्धतच बदलली. आधी मॉडेल ठरवून 'सगळ्यात स्वस्त' वरून खाली यायचो. आता जाहिरात उघडली की फोटो बघायच्या आधी मजकूर वाचायचा. मालक किती वर्षांपासून आहे? कागद आहेत का? गाडी मूळ अवस्थेत आहे का, की कुणी 'सुधारली' आहे? या तीन प्रश्नांत शंभरातल्या नव्वद जाहिराती गळतात.

चार महिन्यांनी इंटिग्रा सापडली. उत्तर कॅरोलिनात. एवढ्या लांब जायचं कारण म्हणजे मीठ. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाड्यांना खालून खातं. त्या काळच्या होंडांना मागच्या चाकांवरच्या कमानीत हमखास गंज लागतो. वरून रंगाला बारीक फोड दिसत असेल तर आतून पत्रा गेलाच म्हणून समजा. दक्षिणेकडे हा त्रास कमी.

मालक निवृत्त शिक्षक. दुसरा मालक, २००४ पासून तोच. गाडीवर १ लाख ६८ हजार मैल, दारावर दोन पोचे, ड्रायव्हरच्या सीटची कड फाटलेली, एका बाजूला उन्हाने रंग उडालेला. फोटोत ही गाडी एमआर-२ च्या पासंगालाही पुरली नसती. मी गाडीभोवती फिरत होतो तेवढ्यात त्याने घरातून एक वही आणून माझ्या हातात दिली.

मी पहिलं पान उघडलं. तारीख, मैल, काय केलं, किती पैसे.

खरं सांगतो, क्षणभर डोळ्यापुढे पुण्यातला पेट्रोल पंप उभा राहिला. मागे हॉर्न वाजतायत आणि बाबा शांतपणे टोपण काढतायत.

एकोणीस वर्षांची नोंद. टायमिंग बेल्ट कधी, क्लच कधी, ऑइल दर किती मैलांनी. आणि मुख्य म्हणजे त्यात दोषही लिहिले होते. "थंडीत दुसरा गिअर खरखरतो." "डाव्या मागच्या चाकाकडून आवाज, सापडला नाही." "कडक उन्हात उभी होती, सुरू झाली नाही, संध्याकाळी आपोआप सुरू." या शेवटच्या नोंदीसारख्याच आणखी दोन होत्या, तिन्ही जुलै-ऑगस्टमधल्या, वेगवेगळ्या वर्षांच्या. मी विचारलं तर म्हणाला, "हो, ते मला कधी उमगलं नाही." किंमत साडेनऊ हजार. मी घासाघीस केली नाही. त्याने स्वतःच दोन जुने सुटे भाग डिकीत टाकून दिले.

माझं सगळं मत या एका गोष्टीवर उभं आहे. "गाडीत काही प्रॉब्लेम नाही" म्हणणाऱ्या माणसापेक्षा तीन प्रॉब्लेम तारखेसकट लिहून ठेवणारा माणूस लाखपट बरा. पंचवीस वर्षांच्या यंत्रात दोष असणारच. प्रश्न एवढाच की ते तुम्हाला आज कळणार की टर्नपाइकवर मधल्या लेनमध्ये.

*

आता त्या उन्हाच्या नोंदीची गोष्ट.

२०२४ चा जुलै. मी आणि माझी आठ वर्षांची लेक आइस्क्रीम खायला गेलो. गाडी तासभर उन्हात उभी. परत येऊन किल्ली फिरवली, स्टार्टर फिरतोय, इंजिन काही पेटत नाही. लेक मागच्या सीटवर घामाने डबडबलेली. "बाबा, आपण नवीन गाडीने का नाही आलो?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायको दुसरी गाडी घेऊन आली, ती लेकीला घेऊन गेली, आणि मी मात्र फुटपाथवर बसून राहिलो. ऊन उतरल्यावर ही बाई काही झालंच नाही अशा थाटात एका किल्लीत सुरू!

आपल्या लोकांना असला बग चांगला माहीत असतो. बघायला गेलं की गायब. रात्री वही काढली. तिन्ही नोंदी पुन्हा वाचल्या. प्रत्येक वेळी ऊन, बंद काचा, आणि थंड झाल्यावर ठीक. म्हणजे पॅटर्न होता, मेंदू चालत नव्हता.

शनिवारी रात्री नऊला, म्हणजे तिकडे रविवारी सकाळी साडेसहाला, मी पुण्याला फोन करतो. बोलता बोलता बाबांना ही गोष्ट सांगितली. बाबांनी होंडा कधी चालवलेली नाही. पण त्यांची पस्तीस वर्षं एक्स्चेंजमधल्या रिलेंमध्ये गेली. त्यांनी एकच विचारलं, "गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू ना? अरे, मग ड्राय सोल्डर असणार कुठेतरी. पेट्रोलच्या पंपाला रिले असेल बघ. त्याचा डबा उघड."

शोधलं तर काय, या काळातल्या होंडांचं हे जुनंच दुखणं निघालं. डॅशबोर्डच्या खाली मेन रिले असतो. त्याच्या सर्किट बोर्डावरच्या सोल्डरला वर्षानुवर्षांच्या गरम-गार होण्याने केसाएवढी भेग पडते. केबिन तापलं की भेग रुंदावते, पंपाला वीज मिळत नाही. किल्ली 'ऑन'ला आणल्यावर मागून पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकू यायला हवी. आली नाही तर संशय रिलेवर. दुसऱ्या दिवशी मी डॅशबोर्डखाली उलटा झोपून तो डबा काढला, भिंग लावून पाहिलं. दोन पिनांभोवती बारीक गोल भेगा, जणू कुणी पेन्सिलने वर्तुळ काढलंय. कॉलेजनंतर पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात धरलं. वीस मिनिटांचं काम. खर्च शून्य.

व्हिडिओ कॉलवर बाबांना तो बोर्ड दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सोल्डर जरा जास्त घातलंस. पण चालेल." बाबांकडून आयुष्यात मिळालेल्या मोठ्या सर्टिफिकेटांपैकी हे एक :)

एका अनोळखी शिक्षकाने दहा-पंधरा वर्षं मागे वहीत तीन ओळी लिहिल्या नसत्या, तर मी आधी पेट्रोल पंप बदलला असता, मग डिस्ट्रिब्युटर, मग बॅटरी, आणि शेवटी वैतागून गाडीच विकली असती.

*

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख म्हणजे विकणाऱ्याची जाहिरात होईल.

पहिलं, पैसे. पहिल्या वर्षाचा माझा हिशेब असा : टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि त्याबरोबरचं काम ९५० डॉलर, चार टायर ५२०, सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट ७८०, क्लचचे दोन सिलिंडर ३१०, किरकोळ ३००. एकूण २,८६०. म्हणजे किमतीच्या तीस टक्के, आणि ही वही असलेली गाडी! टायमिंग बेल्टवर तर चिकटपणा मुळीच करू नका. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन झडपांवर आदळतात आणि सगळा खेळ खलास. बेल्टचं वय मैलांइतकंच वर्षांतही मोजायचं असतं, हेही विसरू नका. खिशातले सगळे पैसे गाडीच्या किमतीतच संपत असतील तर ती गाडी तुम्हाला परवडत नाही. एक पायरी खाली उतरा. दंतकथा नको, तिचा धाकटा भाऊ घ्या. टाइप आर नाही तर जीएस-आर. सुप्रा नाही तर मियाटा.

दुसरं, चोरी. त्या काळच्या बहुतेक होंडांना इमोबिलायझर नसायचा आणि चोरांनाही त्या फार आवडतात. मी एक लपवलेला स्विच बसवलाय. कुठे ते बायकोलाही सांगितलेलं नाही. (सांगितलंय. तिच्यापासून काय लपतं?)

तिसरं, आणि मला रात्री जागं ठेवणारं. सुरक्षा. माझ्या गाडीत पुढे दोन एअरबॅग आणि एबीएस आहे, बस्स. बाजूच्या एअरबॅग नाहीत. घसरणारी गाडी सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल नाही, जे इथे २०१२ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या गाडीत सक्तीचं आहे. दाराचा पत्रा बोटाने वाजवून पाहा, मनात चर्र होतं. आणि बाजूने जाणारे पिकअप ट्रक तर नव्वदपेक्षा कितीतरी उंच आणि जड झालेत. 'पूर्वी सगळे अशाच गाड्यांत फिरायचे' हा युक्तिवाद मी करणार नाही. पूर्वी सगळे स्कूटरवर बिनहेल्मेटचेही फिरायचे.

म्हणून आमच्या घरात नियम आहे. लेक या गाडीत बसते ती गावातल्या गावात, मागच्या सीटवर. हायवेला आमची कंटाळवाणी, दहा एअरबॅगवाली गाडी. पावसात इंटिग्रा बाहेर काढायची नाही. तुमच्याकडे दुसरी गाडी नसेल, रोज चाळीस मैल जायचं असेल किंवा घरात तान्हं मूल असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की घेऊ नका. दहा वर्षं थांबा. गाड्या कुठे पळून जात नाहीत. गेल्या तर जाऊ देत.

मग एवढं सगळं असताना मी का ठेवलीये?

आठवडाभर मी अशा गोष्टी बनवतो ज्यांना हात लावता येत नाही. मी पाच वर्षांपूर्वी लिहिलेल्या कोडची आज एक ओळ शिल्लक नाही. कंपनीने ते प्रॉडक्टच बंद केलं. आणि गॅरेजमध्ये एक यंत्र उभं आहे जे कुठल्या तरी इंजिनिअरने जीव ओतून बनवलं. तो आता बहुधा निवृत्त झाला असेल. त्याचं काम माझ्या हाताखाली, आठ हजार फेऱ्यांवर, अजूनही त्याने सांगितलं तसंच वागतं. ते बिघडलं तर उघडून बघता येतं. कारण सापडतं. दुरुस्त होतं. आपल्यापैकी किती जणांना आठवड्यात एकदा तरी असं समाधान मिळतं?

परवा गाडीत पेट्रोल भरलं. न्यू जर्सीत पंपावरचा माणूसच पेट्रोल भरतो, त्यामुळे वही काढायला वेळ मिळतो. मागे एकाने हॉर्न दिला. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, घरी जाऊन लिही ना, प्लीज!"

मी टोपण काढलं आणि आकडा लिहिला.

असो. खूप लांबलं. गाडी बघायला जाणार असाल तर जरूर जा, पण खिशात टॉर्च ठेवा, मेकॅनिकचे दोनशे डॉलर ठेवा, आणि विकणाऱ्याला पहिला प्रश्न बायकोचा विचारा. बिलं आहेत का? तो घरात जाऊन वही घेऊन आला, तर मला कळवा. मीही येतो बघायला.